मागचे दोन स्क्रू

तात्या, मागचे दोन स्क्रू मी काढले होते.

एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला माझ्याकडे सव्वा वर्ष होतं. तुमच्या पडवीत बसून मी किती वेळा चहा प्यायले, किती वेळा कप खाली ठेवून म्हटलं, आता सांगू. आणि मग पायात चपला घालून निघून आले. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. वाक्य तेवढंच आहे.

तुमच्या मुलीनं मला तुमच्याविषयी चार ओळी लिहून मागितल्या आहेत. पोलिसांच्या शस्त्रागारात तुम्ही किती वर्षं बंदुका दुरुस्त केल्यात, निवृत्तीनंतर रत्नागिरीत दुकान कधी टाकलंत, ते बाकीचे लिहितील. मला ते लिहिता येणार नाही. मला लिहायला बसलं की ते टेबल दिसतं, त्यावरचं पांढरं फडकं, आणि भिंग डोळ्याला लावून खाली वाकलेली तुमची मान.

आपली ओळखच मुळी एका सैल स्क्रूवरून झाली. मी जनावरांची सरकारी डॉक्टर. गाई-म्हशींच्या कामाच्या जोडीला बिबट्या विहिरीत पडला, फासकीत अडकला, की वनखातं मला बोलावणार, आणि मी भुलीचं इंजेक्शन मारायची बंदूक घेऊन जीपमध्ये बसणार. त्या बंदुकीवर नेम धरायला छोटी दुर्बीण होती. दुर्बीण ज्या पट्टीवर बसते ती पट्टी चार बारक्या स्क्रूंनी बंदुकीला धरलेली, आणि ते स्क्रू आपल्या रस्त्यांवर महिनाभरही टिकत नव्हते. कोणीतरी म्हणालं, स्टँडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे आहेत, बागायतदारांच्या माकडं-डुकरं हाकलायच्या बंदुका दुरुस्त करतात. मी आले. तुम्ही आधी बंदुकीकडे बघितलंत आणि मग माझ्याकडे.

"जनावरांची डॉक्टर तू. नि दुर्बिणीला हे काय लावून आणलंस गो? च्युइंगम?"

खरंच तसंच काहीतरी होतं. आधीच्या कोणीतरी स्क्रूंच्या डोक्यावर घरातला डिंक फासला होता. तुम्ही तो नखानं खरवडत राहिलात आणि मला बोल लावत राहिलात. मी पिशवीतून बाटली काढली. स्क्रू हलू नयेत म्हणून आट्यांना लावायचं औषध, मुंबईहून मुद्दाम मागवलेलं, तांबड्या रंगाचं. ते बघून तर तुम्ही उभेच राहिलात.

"हे तांबडं? हे लावलंस तर उद्या स्क्रूचं डोकं तुटंल पण स्क्रू निघायचा नाय. मग तापवायला लागंल. एवढं तापवलंस तर दुर्बीण ऱ्हाईल काय?"

"मग कुठलं लावू?"

"काय नाय लावायचं. स्क्रू आवळायचा असतो, डकवायचा नसतो. ज्याला रोज बघायला येळ नाय त्यानं डकवावं."

"मला खरंच वेळ नाही, तात्या," मी म्हटलं. पहिल्याच भेटीत तात्या म्हटलं. "सकाळी म्हशीच्या पोटात हात घालते आणि दुपारी बिबट्याकडे जाते. मधे स्क्रू कधी बघू?"

त्यावर तुम्ही हसलात. नंतर पट्टी काढून भोकांत भिंगानं बघितलंत आणि हसायचे थांबलात. आतले आटे झिजलेले होते. कितीही आवळले तरी ते स्क्रू धरणार नव्हते. तुमचा नाइलाज झाला, आणि त्या दिवसापासून तुम्ही त्या औषधाच्या मागे लागलात. तांबडं परत पाठवलंत. निळं आणवलंत, ते साध्या पेचकसानं सुटतं. सगळं करताना मला बाजूला उभं करायचात. आधी भोक आणि स्क्रू थिनरनं धुवायचे, तेलाचा वास जाईपर्यंत. मग सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. जास्त झालं तर ते वाहत बंदुकीच्या पोटात जातं आणि तिथलं काहीतरी धरून ठेवतं. मग बेताचं आवळायचं. शेवटी तुमच्या घरून आणलेल्या काकूंच्या नेलपॉलिशनं स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत एक बारीक रेघ ओढायची, म्हणजे स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

"नि मग एक दिवस थांबायचं," तुम्ही म्हणायचात. "आत वारा नाय लागला की ते घट्ट होतं. त्याला त्याचा येळ देयाचा."

मला तुम्ही फक्त स्क्रू शिकवले नाहीत, हे इथे लिहायला हवं. पहिल्या बिबट्याच्या वेळी माझा हात थरथर कापत होता आणि मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही कुठून ओळखलंत कोण जाणे. एका रविवारी मला मागच्या कातळावर नेलंत, वीस पावलांवर नारळाचं सोडण ठेवलंत आणि बंदुकीतून सुटणारे इंजेक्शनचे डार्ट, औषध न भरता रिकामे, मारायला लावलेत. श्वास कुठे सोडायचा, बोट कधी आवळायचं. माझा नेम चुकला की तुम्ही चालत जाऊन डार्ट उचलून आणायचात. सत्तरी ओलांडलेला माणूस, उन्हातून चाळीस पावलं जाऊन-येऊन, पंधरा-वीस वेळा. शेवटी म्हणालात, "हात कापतो म्हंजे तुला जनावराची काळजी हाय. कापू दे. बोट तेवढं कापू देऊ नको." माझ्या वडिलांनी मला असं काही कधी शिकवलं नव्हतं.

आणि तरी मी तुमच्यावर भरवसा ठेवला नाही.

त्या सोमवारी मी बंदूक आणली होती. दुपारी तुम्ही चारही स्क्रू धुऊन, थेंब लावून, रेघा ओढून पूर्ण केलेत. "उद्या ह्याच येळेला ने," म्हणालात. पण बंदूक संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या कपाटात गेली पाहिजे असा नियम. तुम्ही कुरकुरलात आणि सोडलीत. "ने, पण हात लावू नको. नुसती ठेव."

ऑफिसात मी ती कपाटात ठेवली. कपाट बंद करण्याआधी पुन्हा काढली. का, ते खरं सांगते. दुकानात तुम्ही रेघ ओढताना दोनदा चुकलात, पुसून पुन्हा ओढलीत. तुमचे डोळे पाणावत होते. मला वाटलं, तात्या थकले. मी खिडकीशी जाऊन उजेडात पट्टी बघितली, आणि तिच्या मागच्या टोकाखाली मला पत्र्याची चमक दिसली. केसाएवढी. मला वाटलं, तुमच्या नजरेतून सुटलेला काहीतरी कचरा पट्टीखाली दाबला गेलाय.

मी मागचे दोन स्क्रू काढले.

तो कचरा नव्हता. डब्याच्या पत्र्याची नीट कापलेली पातळ पट्टी होती. डार्ट जड असतो, लवकर खाली येतो, म्हणून नेम थोडा वर यावा यासाठी तुम्ही ती मुद्दाम घातली होती. ते मला हातात घेतल्यावर कळलं. मी ती जशीच्या तशी परत ठेवली, स्क्रू लावले, आणि तुमच्या रेघा जुळेपर्यंत फिरवले. रेघा अगदी बरोबर जुळल्या. कोणी म्हणालं नसतं की त्याला हात लागलाय. आट्यांवरचा निळा थेंब तोवर अर्धवट घट्ट झालेला, तो मी तोडला होता, आणि एकदा तुटलेला थेंब पुन्हा धरत नाही. तुम्ही शिकवलेलं सगळं मला पाठ होतं, तरी मी स्वतःला सांगितलं की काही होत नाही.

तात्या, ती पत्र्याची पट्टी घातल्याचं तुम्ही मला सांगितलं का नाहीत? यावर मला तुमच्याशी अजून भांडायचंय. भांडून काही सुटत नाही हे मला कळतं. हात लावू नको, एवढं तर सांगितलं होतंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. पावस गावाच्या पुढे एका काजूच्या बागेत बिबट्याची मादी फासकीत अडकली होती. डुकरासाठी कोणीतरी गाडीच्या क्लचवायरीचा फास लावलेला, तो तिच्या कमरेला बसला होता. ड्रायव्हरनं जीप मिळेल तशी हाणली. बंदुकीची पेटी माझ्या पायाशी पत्र्यावर आदळत होती. मी ती मांडीवर घ्यायला हवी होती. मी औषधाचा डोस हिशेबात धरत होते.

आम्ही पोचलो तेव्हा जांभ्याच्या गडग्यावर, बागेच्या दगडी कुंपणावर, पन्नास-साठ माणसं चढलेली. सगळ्यांचे मोबाइल वर. मादी तार बांधलेल्या काजूच्या बुंध्याभोवती फेऱ्या घालत गुरगुरत होती, उडी मारायची, तार ताणून आपटायची, पुन्हा उठायची. तारेचे दोन पदर उसवलेले मला लांबूनही दिसले. वनरक्षक सुनील माझ्या डाव्या हाताला, माणसं आणि मादी यांच्यामध्ये काठी आडवी धरून उभा राहिला. तीस वर्षांचा असेल. मला म्हणाला, "मॅडम, घाई करा असं म्हणत नाय. पण तार जास्त वेळ राहायची नाय."

निघण्याआधी एक रिकामा डार्ट मारून नेम तपासायचा, हे तुम्ही मला कातळावर शंभरदा सांगितलं होतं. मी तपासला नाही. मी स्क्रूंकडेही बघितलं नाही. वीस पावलं. मी श्वास सोडला. बोट कापलं नाही. दुर्बिणीत तिची मांडी बरोबर मधोमध होती.

डार्ट तिच्या पाठीवरून वीतभर वर गेला आणि मागच्या बुंध्यात घुसला.

आवाजानं ती उसळली आणि तार तुटली. समोर सुनील होता. सगळं मिळून चार सेकंद असतील. तिनं त्याचा उजवा हात धरला, तो खाली पडला, ती त्याच्यावरून गडगा ओलांडून करवंदीच्या जाळीत नाहीशी झाली. कमरेची तार तिच्याबरोबर गेली. माणसं ओरडत पळत होती आणि सुनील उठून बसायचा प्रयत्न करत विचारत होता, "कुणाला लागलं काय?" त्याच्या हाताला मी माझी ओढणी गुंडाळली. खाली बघितलं तर बंदुकीवर मागच्या दोन स्क्रूंच्या रेघा तुटलेल्या.

मादी तिसऱ्या दिवशी वहाळात, बागेखालच्या ओढ्यात, मेलेली सापडली. शवविच्छेदन मीच केलं. मृत्यूचं कारण लिहिलं, तारेनं कापलेल्या जखमेचा संसर्ग. ते खोटं नव्हतं, आणि पूर्णही नव्हतं. सुनीलचा हात वाचला, पण दोन बोटं आता मिटत नाहीत.

मग वनखात्याच्या साहेबांनी बंदूक तपासायला तुम्हालाच बोलावलं. टेबलावर पांढरं फडकं. मी खिडकीजवळ. तुम्ही पुढचे स्क्रू पेचकसानं सोडवलेत, ते कटकट करत सुटले, जसे सुटायला हवेत तसे. मागचे दोन नुसत्या बोटांनी फिरले. आट्यांवरून निळी भुकटी फडक्यावर पडली. तुम्ही भिंग लावून बघत राहिलात. मला वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे बघाल.

"साहेब, चूक माझी," तुम्ही म्हणालात. "धुताना तेल राहिलं असणार. वय झालं."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही माझ्या घरी आलात. पायरीवरच बसलात, आत या म्हटलं तरी आला नाहीत.

"बाय, रागवू नको. एक इचारतंय. त्या संध्याकाळी बंदुकीला कुणी हात लावला होता काय? तू नाय म्हणत मी. हापिसात कुणी शिपाई-बिपाई?"

तुम्ही मला केवढं मोठं दार उघडून दिलं होतंत. तू नाय म्हणत मी. मला फक्त मान खाली घालायची होती, पुढचं तुम्हीच समजला असतात.

"नाही, तात्या. कपाटाची किल्ली माझ्याजवळच होती."

"मग झालं," म्हणालात आणि गुडघ्यावर हात टेकून उठलात. त्याच आठवड्यात दुकानाची पाटी उतरवलीत आणि परवाना परत केलात. बागायतदार बंदुका घेऊन घरी आले तर हात जोडायचात. "माझ्या हातात आता काम नाय ऱ्हायलं."

मी भ्याले होते. नोकरीला भ्याले, चौकशीला भ्याले, आणि सगळ्यात जास्त तुम्हाला. तुमच्या नजरेतून मी उतरेन याला. म्हणून तुम्हाला तुमच्याच नजरेतून उतरू दिलं.

गेल्या रविवारी बाराव्याला काकूंनी मला मागच्या खोलीत नेलं. "हे काय करायचं ते तू सांग," म्हणाल्या. "मला काय कळत नाय ह्यातलं. वर्षभर ह्यातच होते."

फणसाची फळी होती. तिच्यावर लोखंडाच्या पट्ट्या ठोकलेल्या आणि प्रत्येक पट्टीत ओळीनं बारके स्क्रू. साठ-सत्तर असतील. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीनं आकडा. आणि एक शाळेची वही. तुमचं ते सरळ उभं अक्षर. मी उभ्यानंच वाचायला लागले.

"तेल ठेवून, एक दिवस. धरलं नाय. थिनरनं धुऊन, एक दिवस. धरलं. धुऊन, जुने आटे, एक दिवस. धरलं. अर्धा धुऊन. थोडं धरलं." पानामागून पान. पावसाळी हवेत. उन्हात. स्कूटरच्या डिकीत आठ दिवस फिरवून. जावयाच्या रिक्षाला बांधून. तुम्ही तुमची चूक शोधत होतात, तात्या. जी चूक तुम्ही केलीच नव्हती ती तुम्हाला सापडत नव्हती, आणि तुम्ही थांबत नव्हतात.

शेवटच्या पानांपैकी एकावर होतं: "धुऊन, थेंब लावून, चार तासांनी सैल करून परत रेघेवर आवळला. निळी भुकटी. बोटानं फिरला. हुबेहूब तसाच."

त्या ओळीवर तुम्ही काट मारली होतीत. शेजारी लिहिलं होतं, "डॉक्टर नाय म्हणाली. म्हंजे हे नाय." आणि खालच्या ओळीपासून पुन्हा वेगळ्या तेलावर प्रयोग सुरू.

मी खाली बसले आणि काकूंना सगळं सांगितलं. खिडकी, पत्रा, रेघा, पायरीवरचं खोटं. त्या फळीच्या कडेला हात ठेवून उभ्या होत्या. बाहेर पंगतीची भांडी वाजत होती.

"ह्यांना सांगायचं होतंस गो," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "रागवले असते एक दिवस. मग झोपले तरी असते."

आणि पंगत बघायला बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी साहेबांना लेखी दिलं. काय घडलं, कधी, माझ्या हातून कसं. तुमच्या नावावर जे लिहिलं गेलं होतं ते खोडून दुरुस्त करावं असंही लिहिलं, आणि वहीच्या त्या पानाची प्रत जोडली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "आता चौकशी लागेल." मी म्हटलं, लागू दे. माझं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही. डार्टची बंदूक सध्या माझ्याकडे नाही.

तिथून मी सुनीलकडे गेले. तो घराच्या मागे डाव्या हातानं काजूच्या बिया वाळत घालत होता. मी उभ्यानंच सांगितलं, तुम्हाला सांगायचं होतं त्याच शब्दांत. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. बिया पसरायचा हात मात्र थांबला होता.

"तात्या दर आठवड्याला यायचे," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नसंल. सोमवारी, सकाळच्या गाडीनं. तिथं त्या दगडावर बसायचे, माझ्या हाताकडं बघायचे नि म्हणायचे, माझ्यामुळं झालं रे. दर येळेला. मी म्हणायचो, जाऊ दे तात्या, मुद्दाम थोडंच केलंत. मग चहा घेऊन जायचे."

त्यानं बोटं मिटायचा प्रयत्न केला. दोन तशीच राहिली.

"मी त्यांना माफ करत होतो, मॅडम. सव्वा वर्ष. चुकीच्या माणसाला."

त्याच्या बायकोनं दारातून डोकावून बघितलं आणि ती आत गेली. मी निघायला वळले तेव्हा तो मागून म्हणाला,

"सोमवारी या."

मी थांबले.

"दर सोमवारी. तात्यांसारखं. मी बोलंनच असं नाय. पण या."

उद्या पहिला सोमवार आहे, तात्या. सकाळची गाडी साडेसातची आहे, मी चौकशी करून ठेवली आहे.